कोकराची चरबी, वाइनचा तुरटपणा आणि आपली लाळ

स्पेनच्या उत्तरेला एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा हा द्राक्षांचा पट्टा आहे. हिवाळ्यात तिथे वेलींची छाटणी झाली की काटक्यांच्या मोळ्या बांधून ठेवतात. पुढे कधी चार माणसं जमली की त्यातल्या दोन-तीन मोळ्या पेटवायच्या. जाळ भसकन वर जातो आणि तितक्याच लवकर बसतो. उरलेल्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून कोकराच्या बारीक बरगड्या भाजतात. मसाला म्हणाल तर जाडं मीठ, बाकी काही नाही. सोबत त्याच वेलींच्या द्राक्षांची रेड वाइन.

हा बेत जमतो याबद्दल दुमत नाही. का जमतो, असं विचारलं की वाइनवर लिहिणारी मंडळी माती, परंपरा, त्या भूमीचा आत्मा वगैरे काढतात. मला त्यापेक्षा लाळेत सापडणारं उत्तर जास्त पटतं.

रेड वाइन करताना द्राक्षाची सालं आणि बिया रसाबरोबरच आंबवतात. व्हाइट वाइनसाठी रस आधीच दाबून वेगळा काढतात. या सालीबियांतून रंग उतरतो, तसे टॅनिनही उतरतात. अर्धकच्चं जांभूळ चावल्यावर जीभ खरखरीत होते, ती याच जातीच्या द्रव्यांमुळे. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, ज्यांत प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. तोंड ओलं, बुळबुळीत ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा. टॅनिन त्यांना जाऊन चिकटतात, दोघांच्या गुठळ्या होतात आणि वंगण नाहीसं होतं. मग गाल आतून हिरड्यांवर घासल्यासारखा वाटतो. आयुर्वेदाने तुरट हा सहा रसांपैकी एक मानला, पण आजचे संशोधक त्याला चवीपेक्षा स्पर्शाच्या खात्यात टाकतात. सह्याद्रीतला हिरडा कातडी कमावायला वापरला जातो, त्यामागेही टॅनिनची हीच प्रथिनं धरून ठेवण्याची खोड आहे.

हा तुरटपणा घोटागणिक साचत जातो. पहिला घोट गोड लागतो, पाचव्यापर्यंत तोंड कोरडं पडलेलं असतं. अमेरिकी संशोधकांनी २०१२ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आलटून पालटून सुकवलेलं चरबीदार मांस आणि तुरट पेयाचे घोट दिले. तुरटपणा चढायचा थांबला आणि चरबीचा तोंडातला ओशटपणाही उतरला. नुसत्या पाण्याने ते जमलं नाही. म्हणजे चरबी वंगण घालते, टॅनिन ते खरवडून काढतात, आणि जेवणारा मधोमध कुठेतरी सुखात असतो. टॅनिन चरबीच्या थेंबांनाही चिकटतात असं अलीकडच्या प्रयोगशाळेतल्या कामांतून दिसलं आहे. तसं झालं तर लाळेच्या वाट्याला ते कमीच येणार.

मग मिठाचं काय? मीठ कडवटपणा दाबतं. हे १९९७ मध्ये प्रयोगातून दाखवलं गेलं. रिओहातल्या निखाऱ्यांवर जाडं मीठ भुरभुरणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. ला मान्चा भागातलं मान्चेगो हे मेंढीच्या दुधाचं चीज रेड वाइनबरोबर चालतं, तेही याच दोन कारणांनी: चरबी भरपूर आणि मीठ चोख.

स्पेनच्या उत्तम रेड वाइनचं मुख्य द्राक्ष टेंप्रानियो. ते लवकर पिकतं आणि त्याचं आम्ल मुळात बेताचंच असतं. उष्ण जागी लावलं तर वाइन मवाळ, पिळपिळीत होते. म्हणून रिबेरा देल द्वेरो हा भाग महत्त्वाचा. तिथले बहुतेक मळे समुद्रसपाटीपासून ७०० ते १,००० मीटर उंचीवर आहेत. उन्हाळ्यात दिवसा ऊन भाजून काढतं आणि रात्री स्वेटर लागतो. द्राक्षमणी पिकताना स्वतःतलं मॅलिक आम्ल श्वसनात जाळत असतो आणि उष्णतेत ते भराभर जळतं. रात्र गार असली की ते बरंचसं वाचतं. (नाशिकला काही वायनरींनी टेंप्रानियो लावला आहे. तिथली युक्ती वेगळी. वेल थंडीत झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी. त्यामुळे मणी पिकतात ते थंडीच्या रात्रींत.) रिबेरात जेवायला बसलात तर समोर येतं लेचासो, म्हणजे अजून आईच्याच दुधावर असलेलं कोकरू, मातीच्या थाळ्यात पाणी-मीठ घालून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. मांस कोवळं, पण कातडीखाली मेद असतो. आम्लामुळे लाळ सुटते, टॅनिन मेदाच्या मागे लागतात, आणि हे जड जेवण हलकं वाटू लागतं. हलकं होत मात्र नाही.

आता पिंपाकडे येऊ. रिओहाच्या वाइनला जो व्हॅनिला-नारळासारखा वास येतो तो द्राक्षाचा नसून ओक लाकडाचा आहे. २२५ लिटरची पिंपं वापरण्याची फ्रेंच पद्धत इथे १९व्या शतकाच्या मध्यावर रुजली. पुढे फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केल्यावर फ्रेंच व्यापारी वाइन शोधत इथे आले. आरो गावात रेल्वे स्टेशनच्या अवतीभवती वायनऱ्या उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया ही १८७७ची, आजही चालू आहे. लाकूड मात्र बहुतेक अमेरिकी ओकचं वापरलं गेलं. त्यात ओक-लॅक्टोन जास्त असतात, नारळाचा वास त्यांचा. बाटलीवर ‘क्रियान्सा’ दिसलं तर रिओहाच्या नियमाप्रमाणे ती वाइन किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात. ‘रेसेर्वा’ तीन वर्षं, ‘ग्रान रेसेर्वा’ पाच. या काळात लाकडातून थोडी थोडी हवा आत झिरपते, टॅनिन एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणाची धार जाते. म्हणूनच मला वाटतं, ग्रान रेसेर्वा ही झणझणीत, मेदाळ खाण्याबरोबर वाया जाते. तिला साधा भाजलेला पदार्थ हवा.

पिंप बनवताना ते आतून आगीवर शेकतात. लाकडातलं लिग्निन तुटतं आणि ग्वायाकॉल नावाचं धुरकट वासाचं द्रव्य तयार होतं. इथे एक गंमत आहे. एस्त्रेमादुरातल्या ला वेरा खोऱ्यात लाल मिरच्या उन्हात वाळवत नाहीत. ओकच्या धगीवर, धुराच्या खोलीत त्या १०-१५ दिवस राहतात आणि रोज हाताने उलटल्या जातात. मग दळून होतं पिमेंतोन, स्पेनचं लाल तिखट, जे बहुधा तिखट नसतंच. या धुरातही लिग्निनच जळतं आणि ग्वायाकॉलच निघतं. पिमेंतोन घातलेलं चोरिझो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज आणि पिंपात मुरलेली वाइन यांचा वास एकमेकांत मिसळतो, कारण दोन्हीकडे एकच रसायन आहे.

रिओहाची आवडती बटाट्याची भाजी याच चोरिझोत शिजते. बटाटा सुरीने पूर्ण कापत नाहीत, अर्धा चिरून कटकन तोडतात. खडबडीत कडांमधून स्टार्च सुटून रस्सा दाट होतो. ही जोडी ‘हजारो वर्षांची’ वगैरे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. बटाटा आणि मिरची अमेरिकेतून आली, पिंपाची पद्धत फ्रान्सची, लाकूड पुन्हा अमेरिकेचं.

माशाची गोष्ट यापेक्षा चमत्कारिक आहे. मासे आणि रेड वाइन एकत्र घेतल्यावर तोंडात राहणाऱ्या धातूसारख्या, शिळ्या चवीचं खापर बराच काळ टॅनिनवर फुटत होतं. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये खरा गुन्हेगार दाखवला: वाइनमधलं विद्राव्य लोह. माशाच्या तेलातले असंपृक्त मेद लोहाच्या सान्निध्यात क्षणात फुटतात आणि दुर्गंधी द्रव्यं सुटतात. लोह बांधून टाकणारं रसायन वाइनमध्ये घातलं की वास कमी होतो. म्हणजे बांगडा-तारली आणि रेड वाइन यांचं भांडण खरंच आहे, पण सगळ्याच माशांशी नाही. रिओहात खारवलेला कॉड टोमॅटो-मिरच्यांत शिजवून खुशाल रेड वाइनसोबत खातात. कॉडचं तेल यकृतात साठतं, मांस जवळजवळ बिनतेलाचं. फुटायला तिथे फारसं काही नसतंच.

आपल्याकडच्या तिखटाशी मात्र या वाइनचं जमवताना जपून. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टरना) चेतवतं. हे ग्राही एरवी ४२ अंशांच्या आसपास जागे होतात, पण अल्कोहोलच्या सान्निध्यात साधारण ३४ अंशांनाच, असं २००२ मध्ये दिसून आलं. म्हणजे शरीराच्या तापमानालाच भाजल्यासारखं वाटणार. स्पेनच्या दक्षिण-पूर्वेला हुमियात पिकणाऱ्या मोनास्त्रेल द्राक्षाच्या वाइनमध्ये अल्कोहोल १४-१५ टक्के असतं. तांबड्या रश्शासोबत ती उघडणं म्हणजे आगीत तेल. गोव्याचं चोरिस हे पोर्तुगीज चोरिसोचं, म्हणजे स्पॅनिश चोरिझोच्या भावाचं पोर. त्यात चरबी आहे, मीठ आहे, पण खरी मिरची आणि व्हिनेगरही आहे. व्हिनेगर इथे मदतीला येतं, आंबट खाल्ल्यावर वाइन कमी आंबट लागते. तरी पिंप न पाहिलेली, कमी अल्कोहोलची गार्नाचा किंवा टेंप्रानियो द्राक्षाची ताजी वाइनच बरी. तिच्या बाटलीवर ‘होवेन’, म्हणजे ‘तरुण’, लिहिलेलं असतं.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या ३० अंशांत वाइनमधलं अल्कोहोल आधी उडून नाकात जातं आणि बाकीचे वास त्याखाली दबतात. रेसेर्वा १६ ते १८ अंशांना चांगली लागते. आपल्या हवेत त्यासाठी साधारण दीड-दोन तास फ्रिज लागतो. रात्रभर ठेवू नका, फार गार वाइनमध्ये तुरटपणा जास्त टोचतो. होवेन मात्र १३-१४ अंशांपर्यंत उतरवली तरी चालते, तिच्यात टोचण्याइतके टॅनिन नसतातच.