रो-हाऊसमधली दुरुस्ती: खर्च घरमालकाचा, सोसायटीचा की महापालिकेचा?

आम्ही ज्या रो-हाऊस सोसायट्यांचं रोजचं व्यवस्थापन पाहतो, तिथल्या सभासदांसाठी हे पत्रक आहे. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडे तक्रारींची रांग लागते. तक्रार गळतीची असो, तुंबलेल्या ड्रेनेजची असो की कंपाउंडच्या भिंतीची, शेवटी प्रश्न एकच येतो: ‘हे सोसायटीनंच करायचं ना?’ उत्तर कधी हो असतं, कधी नाही. बऱ्याचदा मात्र ‘तुमच्या सर्वसाधारण सभेनं काय ठरवलंय?’ असं विचारावं लागतं.

गोंधळाचं कारण साधं आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी, म्हणजे कारभाराचे नमुना नियम, मुख्यतः फ्लॅटच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. फ्लॅटवाल्याला आपण सोसायटीत राहतो याची आठवण लिफ्ट रोज करून देते. रो-हाऊसवाल्याला आपण बंगल्यात राहतो असंच वाटत असतं, चेंबर तुंबेपर्यंत.

आमची कसोटी

वस्तू कुणाच्या आवारात आहे हे आधी पाहू नका, ती कुणाकुणाच्या उपयोगाची आहे ते पाहा. तुमच्या पार्किंगमधल्या चेंबरला चार घरांची लाइन येत असेल तर ते चेंबर सोसायटीचं. तुमच्या संडास-बाथरूमपासून त्या चेंबरपर्यंतचा पाइप फक्त तुमचा, त्यामुळे तो तुंबला तर प्लंबरचे पैसेही तुमचे. पार्किंगला नवी फरशी बसवताना चेंबरचं झाकण मात्र तिच्याखाली गाडू नका. झाकण शोधायला फरशी फोडावी लागली, तर ती पुन्हा बसवून देण्याचा खर्च इतर सभासदांच्या माथी मारता येणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याच कसोटीनं अंतर्गत रस्ते, रस्त्यावरचे दिवे, सामाईक पाण्याची टाकी, पंप, सेप्टिक टँक आणि बाहेरची कंपाउंड भिंत सोसायटीच्या वाट्याला येतात, आणि उपविधींतही ती तशीच आहेत. घरातलं प्लंबिंग, वायरिंग, आतला रंग, दारं-खिडक्या तुमच्या. विजेचं थोडं वेगळं आहे. मीटरपर्यंत महावितरण. मीटर एकत्र पॅनेलमध्ये असतील, तर तिथून घराच्या मेन स्विचपर्यंतची केबल उपविधींप्रमाणे सोसायटीची, त्यापुढची तुमची.

गच्ची आणि ओल

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. पावसाच्या पाण्यामुळे छतातून होणारी गळती आणि त्यानं खराब झालेलं छताचं प्लास्टर ही उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती संबंधित घरमालकाची. इतपत सरळ आहे. पण रो-हाऊसची गच्ची एकट्या घराच्या ताब्यात असते. तिथे कुणी कुंड्या मांडतं, कुणी सोलर बसवताना स्लॅबला अँकर मारतं, कुणी परस्पर पत्र्याची शेड उभारतं. मूळ वॉटरप्रूफिंगला भोक तुम्ही पाडलं आणि पाणी तिथूनच उतरलं, तर कोणतीही समिती ते बिल मुकाट्यानं मंजूर करणार नाही, आणि आम्हीही तशी शिफारस करणार नाही.

गच्चीवर काहीही बसवण्याआधी समितीला लेखी कळवा आणि आधीचे फोटो काढून ठेवा. आउटलेटची जाळी मे महिन्यात साफ करणं हे काम तुमचंच, कारण गच्चीची किल्ली तुमच्याकडे असते. पालापाचोळ्यानं तुंबलेल्या आउटलेटमुळे साचलेलं पाणी आणि जुन्या वॉटरप्रूफिंगमुळे झिरपलेलं पाणी यांतला फरक आमच्या माणसाला पाहताक्षणी कळतो.

दोन घरांमधल्या सामाईक भिंतीला ओल आली, तर शेजाऱ्याशी वाद घालण्याआधी ओल कुठून येते ते तपासून घ्या. शेजारच्या बाथरूमची लाइन गळत असेल तर खर्च शेजाऱ्याचा. बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून पाणी येत असेल तर सोसायटीचा. तपासणी होईपर्यंत भिंत रंगवू नका, ओलीचा माग पुसला जातो.

घर नवीन असेल तर आधी बिल्डर आठवा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर तो बिल्डरनं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. ही मुदत संपत आलेल्या सोसायट्यांनी निदान एकदा सगळ्या घरांची यादी करून लेखी पत्र द्यावं. तोंडी आश्वासनावर राहिलेल्यांचे हाल आम्ही पाहतो.

महापालिका कुठपर्यंत?

पाण्याच्या बाबतीत साधारणपणे सोसायटीच्या मीटरपर्यंत. गेटच्या आतला रस्ता रीतसर हस्तांतरित झालेला नसेल, तर खड्डे बुजवायला महापालिका येणार नाही, नगरसेवकांना कितीही फोन करा. मालमत्ता कर मात्र प्रत्येक घराचा वेगळा आकारलेला असेल तर तो परस्पर भरायचा, सोसायटीच्या बिलात शोधू नका. मागच्या अंगणात वाढीव खोली काढायची असेल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र पुरेसं नाही, महापालिकेची परवानगी लागतेच. आणि शहरी हद्दीत तुम्ही स्वतः लावलेलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं त्यावर बंधन आहे.

मेंटेनन्सचं बिल

कोपऱ्यावरचं घर मोठं, मग बिलही जास्त का नाही? हा प्रश्न दरवर्षी सभेत येतो. सहकारी सोसायटीत सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, ऑफिस यांचा खर्च, सगळ्यांना सारखा. दुरुस्ती निधी मात्र घराच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.७५ टक्के, आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, किमान ०.२५ टक्के. तुमची नोंदणी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर हिशेब वेगळा, तिथे खर्च अविभाज्य हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक मालमत्तेतल्या प्रत्येकाच्या वाट्याच्या, प्रमाणात वाटला जातो. आपली संस्था नेमकी कोणत्या प्रकारची, हे अनेक सभासदांना ठाऊक नसतं. आधी ते पाहा, मग वाद घाला.

घर भाड्यानं दिलंत तर बिनवापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. त्याहून जास्त आकारलं जात असेल तर आम्हाला जरूर दाखवा.

सिंकिंग फंडातून रस्त्याचे पॅच मारा, असं सुचवणारे सभासद असतातच. तो पैसा मोठ्या, मूळ बांधकामाच्या दुरुस्तीसाठी आहे, आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावता येत नाही. इमारत १५ वर्षांची झाल्यावर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. रो-हाऊस बुटकी असली तरी त्यातून सुटत नाहीत.

तक्रार कशी द्यावी

घर क्रमांक, गळतीची जागा, ती पावसातच होते की बारा महिने, आणि दिवसाउजेडी काढलेले दोन-तीन फोटो आमच्या ऑफिसच्या नंबरवर पाठवा. आमचा माणूस येऊन पाहील आणि लेखी अहवाल तुम्हाला व सेक्रेटरींना एकाच वेळी देईल. खर्च कुणी करायचा हे ठरवण्याचा अधिकार समितीचा, आमचा नाही. निर्णय पटला नाही तर समितीकडे लेखी फेरविचार मागा. तिथेही जमलं नाही, तर दुरुस्ती आणि गळतीचे वाद सहकार न्यायालयात जातात, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे नाही. चुकीच्या दारात सहा महिने घालवू नका.

आपल्या सोसायटीनं गच्ची, सामाईक भिंत आणि पुढच्या बागेबद्दल अजून ठराव केला नसेल, तर मसुदा आमच्याकडे तयार आहे. येत्या वार्षिक सभेच्या नोटिशीत तो विषय घालायला सेक्रेटरींना सांगा. नोटीस निघाल्यानंतर सांगितलंत तर विषय पुढच्या वर्षावर जाईल.