‘ल’ हिंदी वळणाचा का उमटतो?

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची जुळणी माझ्याकडे होती. लेख वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या संगणकांवरून आले. एक फाइल उघडली तर मराठीचा मागमूस नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. दुसरीत मराठी होती, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकात असतात तसे. तिसरीत मी अक्षर १४ पॉइंटचं केलं, तर इंग्रजी शब्द तेवढे मोठे झाले. मराठी आहे तशीच. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. फाइलमध्ये अक्षराचं चित्र नसतं, आकडा असतो. त्या आकड्याचं चित्र कसं काढायचं, ते फॉन्ट आणि सेटिंग मिळून ठरवतात.

पहिली फाइल कृतिदेव पद्धतीच्या जुन्या फॉन्टमधली होती. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. ‘मराठी’ असं टाइप केलं तर फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरंच जातात. फॉन्ट त्यांना म, र, काना, ठ आणि वेलांटीचं रूप देतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की रूप जातं आणि इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. इथे कुठलीही सजावट बदलून उपयोग नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीत, आणायचा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासायची, हाच मार्ग.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत आणि प्रत्येक खुणेला स्वतःचा आकडा आहे. ‘क’चा २३२५, पहिल्या वेलांटीचा २३६७. गंमत अशी, की ‘कि’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या डावीकडे दिसते, पण फाइलमध्ये ती ‘क’च्या नंतरच येते, कारण आपण उच्चार त्याच क्रमानं करतो. पडद्यावर उमटवताना तिला उचलून पुढे आणण्याचं काम एक वेगळा प्रोग्रॅम करतो; लिब्रेऑफिस या मोफत लेखन-प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव हार्फबझ. रफार डोक्यावर नेणं, ‘क’ आणि ‘ष’ यांचा ‘क्ष’ करणं हेही त्याचंच काम. मला हा सगळा व्यवहार फार सुंदर वाटतो. आपण एक कळ दाबतो आणि तेवढ्यात ही सगळी मांडामांड होऊन गेलेली असते.

एवढी मांडामांड लागते म्हणून वर्डमध्ये देवनागरी, अरबी, थाई अशा लिप्यांचा वेगळा गट केलेला आहे: कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट. त्या गटाचा फॉन्ट वेगळा आणि आकारही वेगळा नोंदवला जातो. तिसऱ्या फाइलचं कोडं इथे सुटतं. वर्डची फाइल ही खरं तर झिप केलेली पिशवी असते. तिची एक प्रत काढून नावाच्या शेवटी ‘झिप’ लावलं, की ती उघडून आत बघता येतं. आकार अर्ध्या पॉइंटमध्ये लिहिलेला असतो, म्हणून १४ पॉइंटसाठी २८ हा आकडा दिसतो. आणि इंग्रजीची नोंद वेगळी, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची वेगळी. माझ्या फाइलमध्ये पहिली बदलली होती, दुसरी जुनीच राहिली होती. तेव्हा कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची पूर्ण चौकट उघडावी आणि दोन्ही रकाने भरावेत. त्याहून चांगलं म्हणजे हा बदल परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच करून ठेवावा. मग शंभर पानांचा मजकूर असला तरी एका ठिकाणी हात लावला की पुरतं.

आता ‘ल’. हिंदी आणि मराठी ‘ल’चा आकडा एकच आहे, २३५४. वळण मात्र दोन. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. आपल्याकडे पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहायचे. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात. कोणतं काढायचं, हे फॉन्टला मजकुराच्या भाषेवरून कळतं. म्हणून सगळा मजकूर निवडून त्याची भाषा ‘मराठी’ करावी. अनेकांना वाटतं, भाषेचं सेटिंग फक्त शुद्धलेखन तपासण्यासाठी असतं. तसं नाही, त्यावरून अक्षराचा चेहरा बदलू शकतो. मजकुरावर ‘हिंदी’ असा शिक्का असेल तर फॉन्ट बिचारा हिंदी वळणच देणार. भाषा बदलूनही फरक पडला नाही, तर त्या फॉन्टमध्ये मराठी वळण नाही किंवा प्रोग्रॅम ते वापरत नाही असं समजावं आणि दुसरा फॉन्ट घ्यावा. ‘चालतंय की’ म्हणून सोडून देऊ नये. लहान मुलं छापलेलं बघूनच अक्षर गिरवतात.

ओळींमधल्या अंतराचं एक सेटिंगही मराठीला जाचक आहे. ‘एक्झॅक्टली’ निवडून आकडा कमी ठेवला तर वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार छाटले जातात. ‘मल्टिपल’ निवडून १.१५ च्या आसपास ठेवलं की अक्षरांना श्वास घ्यायला जागा मिळते.

स्मरणिकेत मला सर्वांत जास्त छळलं ते ‘र’नं. आभाराच्या पानावर ‘आचार्यांना मानधन’ असं आलं होतं. लेखकाला म्हणायचं होतं ‘आचाऱ्यांना’, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘र्य’ साठवताना २३५२, २३८१, २३५१ हे आकडे जातात आणि ‘ऱ्य’ साठवताना २३५३, २३८१, २३५१. फरक एका आकड्याचा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबलं की हा ‘ऱ’ मिळतो, मग हलन्त (पाय मोडण्याची खूण), मग ‘य’. पण हाच आकार साधा ‘र’, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचं अदृश्य जोडचिन्ह वापरूनही काढता येतो, आणि काही लेखांत तो तसा काढलेला होता. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र फसवतात: एक रूप टाइप करून शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. शेवटी ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडून मी सगळी जोडचिन्हवाली रूपं ‘ऱ’वाल्या रूपात बदलली, सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच बसवण्याची खूण केली आणि मगच फाइल छापखान्यात पाठवली.