खडी पडण्याआधीचे गणित

एका देशाच्या सरकारने दुसऱ्या, गरीब देशाला रस्त्यासाठी १० कोटी डॉलरचे अनुदान द्यायचे ठरवले. हा रस्ता लोकांचे उत्पन्न वाढवेल की नाही, हे खडी पडण्याआधी सांगता येते का? बऱ्याच अंशी येते. त्यासाठीचे गणित शाळेतल्या चक्रवाढ व्याजाहून फारसे अवघड नाही. अवघड आहे ते त्यात खरे आकडे भरणे.

हे गणित सक्तीचे करणारी संस्था म्हणजे अमेरिकी सरकारची मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन, म्हणजेच एमसीसी. तिची स्थापना २००४ ची, आणि तिला नेमून दिलेले काम एकच: आर्थिक वाढीतून गरिबी कमी करणे. आधी देशाची निवड होते. शासनव्यवहार, आरोग्य-शिक्षणावरचा खर्च, व्यापाराची मोकळीक अशा निर्देशांकांवर त्या देशाची तुलना त्याच्याच उत्पन्नगटातल्या देशांशी करतात. भ्रष्टाचार-नियंत्रणाची पायरी चुकवता येत नाही. बाकी सगळीकडे चांगले गुण असले तरी तिथे नापास झालेला देश सहसा बाहेर राहतो.

मग येतो माझ्या मते सर्वांत मोलाचा टप्पा: वाढ नेमकी कुठे अडली आहे ते शोधणे. गरीब देशात रस्ते, वीज, शाळा, कर्ज, सगळ्याचीच टंचाई असते, त्यामुळे ‘काय कमी आहे’ असे विचारून काहीच हाती लागत नाही. विचारायचे ते हे की कोणत्या गोष्टीसाठी लोक आजच जास्त पैसे मोजत आहेत. वीज हाच अडसर असेल तर कारखानदार महागडे डिझेल जाळून जनरेटर चालवताना दिसतात. कर्ज हा अडसर असेल तर व्याजदर चढे असतात आणि घरचे भांडवल असलेले उद्योग बाकीच्यांच्या खूप पुढे जातात. कर्ज स्वस्त असूनही कोणी घेत नसेल, तर दुखणे दुसरीकडे आहे: जमिनीची मालकी पक्की नाही, कर कधी बदलेल याचा भरवसा नाही, किंवा माल बंदरात अडकून पडतो. अशा ठिकाणी बँकांना पैसा पुरवला तर तो नुसता पडून राहतो.

आता रस्त्याचा हिशोब. समजा, १० कोटी डॉलर खर्चून झालेल्या रस्त्यामुळे डिझेल, टायर, प्रवासाचा वेळ आणि मालाची नासाडी यांत मिळून वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर वाचतात, आणि रस्ता २० वर्षे टिकतो. याचा वार्षिक परतावा निघतो सुमारे १०.३ टक्के; १२ नव्हे, कारण रस्ता शेवटी संपतो आणि मूळ रक्कमही याच बचतीतून वसूल व्हावी लागते. एमसीसीची नेहमीची किमान अट १० टक्क्यांची, म्हणजे प्रकल्प जेमतेम पास. बांधकामाचा खर्च २५ टक्क्यांनी वाढला तर परतावा ७ टक्क्यांच्या आसपास येतो. खर्च तेवढाच राहून लाभ दोन वर्षे उशिरा सुरू झाले तरी तो ८ टक्क्यांवर घसरतो. आणि देखभाल न झाल्याने रस्ता दहाच वर्षांत उखडला तर उरतात साडेतीन टक्के.

खर्चवाढीवर सगळ्यांचे लक्ष असते, पण या रस्त्याचा सर्वांत मोठा घात देखभालीअभावी होतो. मदत देणाऱ्याला नवा रस्ता दाखवता येतो, वेळेवर साफ केलेले गटार दाखवता येत नाही. डांबराखाली पाणी शिरते आणि भराव बसतो. म्हणून इंधनावरच्या करातून चालणारा देखभाल निधी करारात आधीच बांधून घ्यावा लागतो, आणि जास्तीचा माल भरलेले ट्रक अडवणारे वजनकाटेही.

लाभ मोजताना एक चूक हमखास होते. ‘रस्त्याआधी’ आणि ‘रस्त्यानंतर’ अशी तुलना करून भागत नाही. रस्ता झाला नसता तरी वाहतूक थोडी वाढलीच असती. ती वाढ वजा करावी लागते. दुसरे म्हणजे, वाचलेला पैसा कोणाच्या खिशात गेला? मालवाहतूक दोन-तीन जणांच्याच हातात असेल तर भाडे उतरत नाही आणि शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव चढले तर तो लाभ मालकाचा, कुळाचा नव्हे. परतावा १५ टक्के असूनही गरिबी जागची हलत नाही, ती अशी.

एमसीसीचे करार पाच वर्षांचे असतात आणि मुदत सहसा वाढत नाही. म्हणून भूसंपादन, वनपरवानगी, कायदेबदल ही कामे घड्याळ सुरू होण्याआधी उरकावी लागतात. नेपाळशी ५० कोटी डॉलरचा करार २०१७ मध्ये झाला, त्यातला मोठा भाग ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्यांसाठी. संसदेची मंजुरी २०२२ मध्ये मिळाली आणि अंमल सुरू झाला २०२३ मध्ये. सहा वर्षांत तारा आणि पोलादाचे भाव जागेवर राहत नाहीत.

अटी मोडल्या तर पैसा थांबतो. घानाने वीजवितरणाचा खाजगी करार २०१९ मध्ये रद्द केला, तेव्हा एमसीसीने १९ कोटी डॉलरचे अनुदान काढून घेतले. मादागास्कर हा असा करार करणारा पहिला देश. २००९ च्या सत्तापालटानंतर तो करारही मोडीत निघाला.

काम संपल्यावरची तपासणी मला बांधकामाइतकीच महत्त्वाची वाटते. शेतकरी-प्रशिक्षणाच्या पाच देशांतल्या कार्यक्रमांचे निष्कर्ष एमसीसीने २०१२ मध्ये जाहीर केले. काही ठिकाणी शेतीचे उत्पन्न वाढले होते, पण घराच्या एकूण उत्पन्नात वाढ दिसली नाही. शेतीत जास्त तास घातले की बाहेरची मजुरी सुटते, हे त्याचे एक संभाव्य कारण. म्हणून पाहणीत फक्त पीक किती आले हे विचारून चालत नाही. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचे तास, मजुरी आणि घरखर्च नोंदवावे लागतात. आणि पहिली नोंद प्रशिक्षणाचा पहिला वर्ग भरण्याआधीच व्हावी लागते, कारण नंतर मागची वर्षे कोणालाच नीट आठवत नाहीत.