फिगो प्रकरण (बार्सिलोना–रेआल माद्रिद, २०००)

पोर्तुगीज फुटबॉलपटू लुईस फिगो याने जुलै २००० मध्ये एफसी बार्सिलोना सोडून कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदशी करार केला. या घटनेला आणि त्यानंतर बार्सिलोनाच्या चाहत्यांमध्ये उसळलेल्या संतापाला मिळून फिगो प्रकरण म्हटले जाते. लाडका खेळाडू शत्रूच्या गोटात गेला की चाहते काय करतात, याचा दाखला देताना फुटबॉलप्रेमींच्या तोंडी बहुधा हेच नाव पहिल्यांदा येते. हा राग पैशाच्या लोभाविरुद्ध होता असे सर्रास सांगितले जाते, पण ते अपुरे आहे. माद्रिदच्या निवडणुकीत बार्सिलोनाचा नायक आश्वासन म्हणून वापरला गेला, आणि जो क्लब सभासद स्वतःच्या मालकीचा मानतात त्याला हात चोळत बसावे लागले, ही खरी जखम होती.

दोन्ही क्लब कुणा उद्योगपतीच्या मालकीचे नाहीत. वर्गणी भरणारे सभासद मत देऊन अध्यक्ष निवडतात. बार्सिलोनाचे असे सभासद तेव्हाच लाखाहून अधिक होते आणि अनेक घरांत सभासदत्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. त्यात राजकीय इतिहासाची भर होती. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत (१९३९–७५) कातालोनियाच्या, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रदेशाच्या, कातालान भाषेवर बंधने असताना ती चारचौघांत मोकळेपणी बोलण्याची जागा म्हणजे क्लबचे मैदान, ही आठवण कातालोनियात आजही सांगितली जाते. रेआल माद्रिद हा त्यांच्या लेखी राजधानीचा, सत्तेचा क्लब. १९५३ मध्ये आल्फ्रेदो दि स्तेफानो हा थोर खेळाडू दोन्ही क्लबांच्या ओढाताणीत अखेर माद्रिदला मिळाला. तो आपल्या हातून हिसकावला गेला, असे बार्सिलोनाकर तेव्हापासून मानत आले आहेत.

फिगो १९९५ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबातून बार्सिलोनात आला. उजव्या बगलेवरून बचावपटूला समोर घेऊन हुलकावणी देण्याची त्याची हातोटी पाहायला लोक मैदानात येत. १९९७-९८ आणि १९९८-९९ अशी सलग दोन लीग विजेतेपदे संघाने मिळवली, त्यात त्याचा वाटा मोठा होता. मुख्य म्हणजे तो त्या शहराचा झाला. एका विजयोत्सवात केस क्लबच्या निळ्या-लाल रंगांत रंगवून तो सज्जात उभा राहिला आणि ‘पांढऱ्यांनो, रडक्यांनो, विजेत्यांना सलाम करा’ अशा अर्थाची घोषणा माद्रिदला उद्देशून त्याने माइकवरून दिली. खाली उभ्या गर्दीने त्याला डोक्यावर घेतले. पुढे लोकांच्या जिव्हारी लागले ते हेच दृश्य. परका खेळाडू परका म्हणूनच राहिला असता, तर त्याच्या जाण्याने इतके दुखले नसते.

२००० च्या उन्हाळ्यात बांधकाम व्यावसायिक फ्लोरेंतिनो पेरेस रेआल माद्रिदच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर होते लोरेन्सो सान्स. त्यांच्या कारकिर्दीत क्लबने १९९८ आणि २००० असे दोनदा चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली होती, त्यामुळे त्यांना हरवणे अशक्यप्राय वाटत होते. मी निवडून आलो तर फिगोला आणतो आणि नाही आणला तर सभासदांची वर्षाची वर्गणी माझ्या खिशातून भरतो, असे पेरेस यांनी जाहीर केले. पडद्यामागे फिगोचा एजंट जुझे वेइगा यांच्याशी त्यांचा करार झालेला होता आणि तो मोडल्यास जबर दंड भरावा लागणार होता. इकडे फिगो बार्सिलोनातल्या एका क्रीडा दैनिकाला आपण कुठेही जाणार नाही असे सांगत होता. जुलैच्या मध्याला पेरेस निवडून आले. बार्सिलोनातही त्याच महिन्यात निवडणूक होती. २३ जुलैला जुआन गास्पार्त अध्यक्ष झाले आणि दुसऱ्याच दिवशी फिगो माद्रिदमध्ये पांढरी जर्सी हातात घेऊन उभा होता. शेजारी होते दि स्तेफानो. १९५३ चा सल उराशी बाळगणाऱ्यांना यापेक्षा वर्मी लागणारे छायाचित्र क्वचितच मिळाले असते.

बार्सिलोना त्याला अडवू का शकला नाही, हे स्पेनच्या कायद्यात आहे. १९८५ च्या शाही फर्मानानुसार व्यावसायिक खेळाडू भरपाई देऊन मुदतीपूर्वी करार संपवू शकतो, म्हणून तिथल्या करारांत ती रक्कम आधीच ठरवलेली असते. तेवढे पैसे जमा झाले की क्लबची संमती लागत नाही. फिगोसाठी ही रक्कम १,००० कोटी पेसेता (स्पेनचे तेव्हाचे चलन), म्हणजे सुमारे ६ कोटी युरो होती. एवढी किंमत कुणी मोजणार नाही या हिशेबाने ती ठेवलेली होती. पेरेस यांनी ती मोजली आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. कायद्याने दाद मागायची सोय नव्हती, म्हणून सगळा रोष एका माणसावर येऊन पडला. बार्सिलोनात आपली हवी तशी कदर होत नव्हती, असे फिगो पुढे सांगत आला. त्यात तथ्य असेलही, पण स्टँडमध्ये ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हते.

२१ ऑक्टोबर २००० रोजी तो पाहुणा म्हणून बार्सिलोनाच्या काम्प नोउ मैदानावर उतरला. त्याचा चेहरा छापलेल्या खोट्या नोटा, ‘गद्दार’ आणि ‘जुदास’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) लिहिलेले फलक, आणि चेंडू त्याच्या पायाशी गेला की उठणारा शिट्ट्यांचा कल्लोळ. बार्सिलोनाचा तरुण बचावपटू कार्लेस पुयोल सावलीसारखा त्याला चिकटून होता. एरवी कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक, घेणारा फिगो त्या दिवशी कॉर्नरच्या झेंड्याकडे फिरकला नाही. बार्सिलोनाने सामना २–० असा जिंकला. पहिला गोल लुईस एन्रिकेचा. हा एन्रिके १९९६ मध्ये माद्रिद सोडून बार्सिलोनात आला होता आणि त्या रात्री स्टेडियम त्याच्याच नावाचा गजर करत होते. निष्ठेचा काटा एकाच बाजूला झुकतो, हे प्रत्येक मैदानावरचे सत्य आहे. चाहत्यांना त्यात विसंगती दिसत नाही आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा करण्यातही अर्थ नाही.

खरा भडका उडाला तो २३ नोव्हेंबर २००२ च्या सामन्यात. या वेळी फिगोने कॉर्नर घ्यायचे ठरवले. काम्प नोउमध्ये कॉर्नरचा झेंडा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगांपासून हाकेच्या अंतरावर होता. तो तिकडे वळला की नाणी, लायटर, बाटल्या, मोबाइल फोन असे हाताला लागेल ते येऊन पडायचे. तो शांतपणे बाटली उचलून बाजूला ठेवायचा, चेंडू नीट लावायचा, की पुन्हा भडिमार सुरू. बार्सिलोनाचेच खेळाडू प्रेक्षकांना आवरू पाहत होते. पंच लुईस मेदिना कांतालेहो यांनी दोन्ही संघांना आत नेले आणि खेळ सुमारे पाव तास थांबला. त्या भडिमारात एका डुकराच्या पिल्लाचे मुंडकेही होते. हिरवळीवर पडलेल्या त्या मुंडक्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. फिगोनेच लोकांना चिथावले, असा ठपका गास्पार्त यांनी ठेवला. मैदान दोन सामन्यांसाठी बंद ठेवण्याची शिक्षा झाली, पण अपिलांच्या फेऱ्यांत ती प्रत्यक्षात आलीच नाही. हा निकाल चुकीचा होता. बाटली डोक्यात बसली असती तर खेळाडू प्राणाला मुकला असता. दुखावलेल्या मनाला शिट्टी वाजवायचा हक्क आहे, काच फेकायचा नाही.

बार्सिलोनाहून माद्रिदला जाणारा फिगो पहिला नव्हता. १९८८ मध्ये बेर्न्ट शुस्टर आणि १९९४ मध्ये मायकल लाउड्रुप याच वाटेने गेले होते. लाउड्रुपचे प्रशिक्षक योहान क्रॉइफ यांच्याशी बिनसले होते आणि संघातले स्थानही डळमळीत झाले होते. क्लबलाच तो नकोसा झाला असे लोकांना दिसत होते, म्हणून नाराजी झाली तरी ती वैरापर्यंत गेली नाही. फिगो मात्र ऐन भरात, कुणाला नकोसा नसताना गेला.

इतरत्र रागाने वेगवेगळी वळणे घेतली. १९९० मध्ये रोबेर्तो बाज्जोला फिओरेंतिनाने युव्हेंतुसला विकले, तेव्हा फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवर दंगल झाली आणि सुमारे ५० जण जखमी झाले. पण तिथे लोक मालकांवर उलटले होते, खेळाडूवर नाही. पुढल्या वर्षी फ्लॉरेन्समधल्या सामन्यात बाज्जोने जुन्या क्लबविरुद्ध पेनल्टी घ्यायला नकार दिला. बदली होऊन बाहेर पडताना कुणीतरी टाकलेला फिओरेंतिनाच्या रंगाचा जांभळा स्कार्फ त्याने उचलून घेतला. याने फ्लॉरेन्सची माया टिकली आणि युव्हेंतुसचे लोक खट्टू झाले. लंडनमध्ये सोल कॅम्पबेल २००१ मध्ये करार संपवून टॉटनहॅमहून प्रतिस्पर्धी आर्सेनलला गेला. करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याविना क्लब बदलू देणाऱ्या १९९५ च्या बोस्मन निकालामुळे टॉटनहॅमला एक पैसाही मिळाला नाही. ‘जुदास’ हे नाव त्यालाही चिकटले. ग्लासगोत मो जॉन्स्टन १९८९ मध्ये रेंजर्सला गेला, तेव्हा जुन्या सेल्टिकचे आणि नव्या रेंजर्सचे असे दोन्हीकडचे चाहते भडकले. तो कॅथलिक होता आणि रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा क्लब मानला जाई.

आपल्याकडे कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातल्या ‘दोलबोदल’चा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा हंगाम अनेक दशके शहराला जागे ठेवत आला. गोवा आणि मुंबईत असा प्रसंग २०२० मध्ये आला. एफसी गोवाने जानेवारीअखेर प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांना दूर केले. काही महिन्यांत ते मुंबई सिटी एफसीत दाखल झाले आणि त्यांच्यामागोमाग ह्युगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल तसेच गोव्याचा भूमिपुत्र कर्णधार मंदार राव देसाई हेही गेले. कोविडमुळे इंडियन सुपर लीगचा तो संपूर्ण हंगाम गोव्यातच, पण प्रेक्षकांविना झाला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर हरवले आणि मार्च २०२१ मध्ये गोव्याच्याच फातोर्डा मैदानावर चषक जिंकला. मंदार स्टँडसमोरून धावला असता तर फातोर्ड्याने काय केले असते, हे त्यामुळे कधी कळलेच नाही.

फिगोच्या येण्यापासून माद्रिदने दरवर्षी एक बडा तारा आणण्याचा क्रम सुरू केला : २००१ मध्ये झिदान, २००२ मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो, २००३ मध्ये बेकहॅम. बार्सिलोनाने हाती आलेला पैसा मार्क ओव्हरमार्स, एमान्युएल पेटी अशा खेळाडूंवर घाईने उधळला आणि २००५ पर्यंत लीगचे विजेतेपद त्यांच्या हाती लागले नाही. गास्पार्त यांनी २००३ च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला. फिगो २००५ मध्ये माद्रिदहून इंटर मिलानला गेला. करारांतल्या भरपाईच्या रकमा मात्र वाढतच गेल्या. २०१७ मध्ये पॅरिस सँ-जर्मांने त्याच तरतुदीचा आधार घेत २२.२ कोटी युरो भरून नेमारला बार्सिलोनातून नेले, तेव्हा काम्प नोउच्या प्रेक्षकांनी अध्यक्ष बार्तोमेउ यांच्या राजीनाम्याची मागणी केली.