कोंबडीला न पचणारी साखर

कोंबडीची विष्ठा रोज बघणाऱ्याला तिची तब्येत कळते. नेहमीची विष्ठा करडी असते, वर चुन्यासारखा पांढरा थर. पण मधूनच एखादी गडद तपकिरी, काकवीसारखी चिकट आणि उग्र वासाची पडते. नवा पोल्ट्रीवाला ती पाहून घाबरतो, रक्ती हगवण लागली की काय म्हणून औषधाला धावतो. खरं तर रक्त नसेल तर ती निरोगी कोंबडीचीच खूण आहे. ही विष्ठा येते सीकममधून.

लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं, तिथं कोंबडीला दोन लांबट पिशव्या असतात, त्याच सीकम. पलीकडच्या टोकाला वाट नाही, जिथून आत शिरलं तिथूनच बाहेर यायचं. बाकीच्या आतड्यातून दाणा काही तासांत पुढे सरकतो, इथं मात्र पातळ रस मुक्काम करतो. म्हणून जिवाणूंची खरी वस्ती इथंच. सीकममधल्या एका ग्रॅम ऐवजात ते हजार कोटींच्या घरात, कधी त्याहूनही जास्त असतात. प्रीबायोटिक साखर, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसणारी साखर, खाद्यात द्यायची ती यांच्यासाठी.

आपली चहातली साखर इथवर पोचतच नाही, ती लहान आतड्यातच शोषली जाते. सीकम गाठायचा तर साखर कोंबडीला न पचणारी हवी. दुधातली लॅक्टोज तशीच आहे. दूध पिणं हे सस्तन प्राण्यांचं काम, कोंबडीच्या वंशात ते कोणी कधी प्यायलंच नाही, त्यामुळे लॅक्टोज फोडणारं विकर (एन्झाइम) तिच्याकडे नाही. आपण कॉफीत मिसळतो त्या चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन आणि सोयापेंडेतली रॅफिनोजही तिला पचत नाहीत.

ही न पचलेली साखर सीकममध्ये गेली की लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियासारखे जिवाणू तिच्यावर तुटून पडतात. त्यातून लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल तयार होतं. ते खाऊन दुसरे जिवाणू ब्युटिरिक आम्ल बनवतात, आणि मला या सगळ्यात हाच टप्पा सर्वांत सुंदर वाटतो: आतड्याच्या अस्तरातल्या पेशी याच आम्लावर पोसल्या जातात. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण, आणि दुसऱ्याचं उष्टं खुद्द कोंबडीचं. शिवाय आंबटपणा वाढला की साल्मोनेलासारख्या रोगकारक जिवाणूंना तिथं टिकणं जड जातं.

पण प्रमाण चुकलं की फळ उलटं मिळतं. अशी साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी खेचते, विष्ठा पातळ होते, खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं होतं आणि शेडमध्ये अमोनिया डोळ्यांना झोंबू लागतो.

यीस्टच्या पेशीभित्तिकेतून काढलेली मॅनन साखर, जी मॅनोज या साखरेची बनलेली असते, वेगळ्या वाटेने काम करते. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. आतड्याच्या भिंतीवरची मॅनोज साखर त्या तंतूंनी पकडून ते तिथं ठाण मांडतात. खाद्यात यीस्टची मॅनोज असेल तर ते भिंतीऐवजी तिलाच धरतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पिण्याच्या पाण्यात मॅनोज देऊन ब्रॉयलरमध्ये, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांमध्ये, साल्मोनेलाची वस्ती कमी होते हे दाखवलं. टनभर खाद्यात एक-दोन किलो मॅनन घालण्याची पद्धत आहे. माझ्या मते हिला प्रीबायोटिक म्हणण्यापेक्षा गळ म्हणावं. ज्यांच्या अंगावर तसे तंतू नाहीत, ते जिवाणू या गळाला लागत नाहीत.

युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं, भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर पशुखाद्यात बंदी आणली. तेव्हापासून या साखरांची मागणी वाढली. पण स्वच्छ पाणी आणि कोरडं तूस यांची जागा त्या घेऊ शकत नाहीत, हे मला ठासून सांगायचं आहे. चांगल्या राखलेल्या शेडमध्ये त्यांचा परिणाम पुष्कळदा दिसतही नाही. शिवाय साखर पोसते ती आधीपासून असलेल्या जिवाणूंनाच.

ते पिलात येतात कुठून? खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिलू आईच्या मागे उकिरड्यावर टोचत फिरतं आणि तिचे जिवाणू आपोआप मिळवतं. हॅचरीतल्या पिलाला आई भेटतच नाही. फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलरमध्ये साल्मोनेलाची साथ पसरली, तेव्हा एस्को नुर्मी आणि मार्याट्टा रांटाला यांनी हेच हेरलं. मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज त्यांनी नुकत्याच निघालेल्या पिलांना पाजला, आणि त्या पिलांमध्ये साल्मोनेलाला जागा मिळेना. १९७३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पोलंडमधल्या संशोधकांनी तर पिलू निघायचीही वाट पाहिली नाही. उबवणीच्या बाराव्या दिवशी अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत त्यांनी सुईने साखरेचं द्रावण सोडलं. तोवर कवचाच्या आतून रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं, त्यातून साखर गर्भापर्यंत पोचते. त्या अंड्यांतून निघालेल्या पिलांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरिया वाढलेले आढळले.