पार्श्वभूमी : पगार सरकारी, पण जर्नल बंद

विद्यापीठांतल्या इंटरनेटची सुरुवात १९८६ च्या अर्नेटपासून, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या सरकारी नेटवर्कपासून, सांगतात. मोजक्या मोठ्या संस्था सोडल्या तर प्राध्यापकांच्या टेबलापर्यंत त्यातलं फारसं काही आलं नाही. खरा फरक पडला २००४ नंतर, विद्यापीठांसाठी जर्नल्सची (संशोधन लेख छापणाऱ्या नियतकालिकांची) सामायिक वर्गणी भरली जाऊ लागली तेव्हा.

तिची मेख आयपी पत्त्यात, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकात होती. प्रकाशक माणूस ओळखत नाही, आवाराचा सार्वजनिक आयपी ओळखतो. विभागात बसून उघडणारा लेख घरी पैसे मागतो. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने डाउनलोड मॅनेजर लावून रात्रीत शेकडो पीडीएफ ओढल्या, की प्रकाशक तो आयपीच अडवतो आणि सगळ्या विद्यापीठाचं काम थांबतं.

महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये एन-लिस्ट ही ऑनलाइन जर्नल्सची योजना आली. इथे लॉगिन व्यक्तीच्या नावावर, त्यामुळे घरूनही चालतं. सहा हजारांवर जर्नल्स मिळतात. ग्रंथपाल प्राध्यापकांची नावं आणि ईमेल चढवतात, मग खातं सुरू होतं. वार्षिक वर्गणीचा धनादेश कार्यालयात अडकला, की खाती बंद पडतात. स्टाफरूममध्ये मात्र ‘साइट डाऊन आहे’ एवढंच ऐकू येतं.

शिकवण्याचं गणित निराळं. २०२० मध्ये तासिका मोबाइलवर आल्या. रोजच्या दीड जीबीत मुलांचे लागोपाठचे व्हिडिओ तास बसेनात, म्हणून अनेकांनी आवाजी फाइल आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून भागवलं.

सध्याचा वाद ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा, म्हणजे देशभरासाठी जर्नल्सची एकच वर्गणी भरण्याच्या केंद्राच्या योजनेचा. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. लाभ कोणाला? केंद्र किंवा राज्य सरकारच्या ‘व्यवस्थापनाखालील’ संस्थांना. महाराष्ट्रात हा शब्द नेमका बोचतो. इथली बरीचशी जुनी महाविद्यालयं अनुदानित आहेत : पगार राज्याच्या तिजोरीतून, व्यवस्थापन शिक्षण संस्थेकडे. अभ्यासक्रम तोच, पीएच.डी. मार्गदर्शकाचे निकषही तेच, पण शासकीय महाविद्यालयात उघडणारं जर्नल शेजारच्या अनुदानित महाविद्यालयात उघडत नाही. निकष पगाराचा लावला असता तर चित्र पार बदललं असतं. नाव मात्र ‘वन नेशन’!

योजनेबाहेर राहिलेले प्राध्यापक विद्यापीठातल्या ओळखीच्यांकडून पीडीएफ मागवतात. परवान्याच्या अटींत हे बहुतेकदा बसत नाही. त्यापेक्षा लेखाचं शीर्षक गूगल स्कॉलरवर टाकून ‘ऑल व्हर्जन्स’ उघडावं. लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत अनेकदा तिथेच सापडते. नाही सापडली तर संपर्कलेखकाला (लेखावर ज्याचा ईमेल दिलेला असतो त्याला) ईमेल करावा.