किकस्टार्ट नसेल तर अमिगा उठत नाही: एम्युलेटरच्या कुरबुरींची पार्श्वभूमी

कमोडोर कंपनीच्या अमिगा या जुन्या संगणकाचा एम्युलेटर, म्हणजे पीसीवर त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पहिल्यांदा चालवणारा माणूस बहुधा एकाच ठिकाणी अडतो. प्रोग्रॅम उघडतो, गेमची फाइलही असते, पण ‘सिस्टिम रॉम (मशीनची मूळ प्रणाली कोरलेल्या चिपची प्रत) सापडली नाही’ अशा अर्थाचा निरोप येतो, नाहीतर पडदा काळाच राहतो. मग लोक ग्राफिक्स कार्डावर संशय घेतात, विंडोजला नावं ठेवतात. खरं कारण 1985 सालचं आहे.

त्या वर्षी अमिगा 1000 बाजारात आला, तेव्हा त्याची मूळ प्रणाली, म्हणजे किकस्टार्ट, अजून पक्की झालेली नव्हती. चुका दुरुस्त होत होत्या. त्यामुळे ती चिपमध्ये कायमची न कोरता फ्लॉपीवर देण्यात आली. मशीन सुरू केलं की आधी किकस्टार्टची फ्लॉपी घालायची आणि ती वाचून झाली की वर्कबेंचची, म्हणजे अमिगाच्या डेस्कटॉपची. 1987 च्या अमिगा 500 मध्ये मात्र किकस्टार्ट 256 किलोबाइटच्या रॉम चिपमध्ये गेलं. तेव्हापासून ही चिप अमिगाचा अविभाज्य भाग झाली, आणि तिच्यातला मजकूर कमोडोरच्या मालकीचा.

बर्न्ड श्मिट यांनी 1995 च्या सुमारास यूएई हा एम्युलेटर लिहायला घेतला. सुरुवातीला तो बूटच होत नसे, म्हणून नावातल्या ‘यू’चा अर्थ ‘अनयूजेबल’, म्हणजे निरुपयोगी, असा होता! आजचे विनयूएई आणि एफएस-यूएई याच घराण्यातले. एम्युलेटरलाही किकस्टार्ट लागतंच, पण त्यावर मालकी हक्क असल्याने ते यूएईसोबत देता येत नव्हतं. आपल्या खऱ्या अमिगावर एक छोटा प्रोग्रॅम चालवून रॉमची प्रत काढायची आणि ती पीसीवर न्यायची, असा सरळ मार्ग होता. कमोडोर 1994 च्या एप्रिलमध्ये बुडाली. अमिगाची मालमत्ता आधी एस्कॉमकडे आणि मग गेटवे 2000 कडे गेली. मालक बदलले, पण हक्क संपले नाहीत. क्लोआंटो ही कंपनी 1997 पासून ‘अमिगा फॉरएव्हर’ या संचातून परवान्यासह रॉम विकते. या संचातल्या रॉम फायली सांकेतिक केलेल्या असतात आणि त्या उलगडायला ‘रॉम.की’ नावाची फाइल लागते. नुसती रॉम उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली की ती चालत नाही, त्याचं कारण हेच. फाइलचा आकार पाहिला तरी उलगडा होतो. साधी रॉम 2,62,144 किंवा 5,24,288 बाइटची असते, तर सांकेतिक रॉम त्याहून 11 बाइट मोठी.

रॉमच मिळाली नाही, तर विनयूएई आपल्यातली आरॉस ही मुक्त पर्यायी रॉम वापरतो. सोय चांगली आहे, पण जुने गेम तिच्यावर हमखास चालतील असं समजू नये.

आवृत्त्यांचा घोळही जुनाच आहे. 1991 च्या अमिगा 500 प्लसमध्ये किकस्टार्ट 2.04 आलं आणि आधीची आवृत्ती 1.3 गृहीत धरून लिहिलेले कितीतरी गेम बंद पडले. दोष बराचसा गेम लिहिणाऱ्यांचा होता. प्रणालीला वळसा घालून ते थेट हार्डवेअरशी बोलत. लोकांनी मशीन उघडून आत दोन्ही रॉम बसवल्या आणि निवडीसाठी बाहेर एक स्विच काढला. एम्युलेटरमधला रॉम निवडण्याचा रकाना तेच काम करतो.

मेमरीच्या सेटिंगमध्ये तर भलेभले फसतात. ‘जास्त दिली तर बरंच’ हा पीसीवरचा हिशेब इथे लागू पडत नाही. अमिगाच्या चित्र आणि आवाजाच्या चिप फक्त चिप रॅम पाहू शकतात. फास्ट रॅम फक्त प्रोसेसरची. अमिगा 500 च्या पोटातल्या झाकणाखाली बसणारी 512 किलोबाइटची जादा रॅम तिसऱ्याच प्रकारची. तिला स्लो रॅम म्हणतात, कारण चिप तिला वापरू शकत नाहीत आणि प्रोसेसरला मात्र चिपसाठी थांबावं लागतं. फास्ट रॅमचा विचार न करता लिहिलेला गेम आपली चित्रं तिथे ठेवून बसतो आणि पडद्यावर नुसता कचरा दिसतो. म्हणून 1980 च्या दशकातल्या गेमसाठी 512 किलोबाइट चिप, 512 किलोबाइट स्लो, शून्य फास्ट आणि किकस्टार्ट 1.3 एवढंच ठेवावं. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

युरोपातले गेम पाल या टीव्ही पद्धतीच्या 50 हर्ट्झवर बेतलेले असत. आपल्या दूरदर्शनचीही तीच पद्धत होती. एनटीएससी ही 60 हर्ट्झची अमेरिकी पद्धत निवडली तर गेम वेगाने पळतो आणि चित्राचा खालचा भाग कापला जातो.

एवढं करूनही फ्लॉपी घालायला सांगणारं चित्र हटत नसेल, तर किकस्टार्ट ठीक आहे. गडबड डिस्कच्या फाइलमध्ये शोधा. एडीएफ ही फ्लॉपीची साधी प्रत असलेली फाइल 9,01,120 बाइटची असते. तिच्यात कॉपी-संरक्षणाच्या मुद्दाम केलेल्या वेड्यावाकड्या खुणा मावत नाहीत. अशा मूळ डिस्कसाठी आयपीएफ हा प्रकार आहे, पण तो वाचायला एम्युलेटरशेजारी कॅप्सइमेज ही वेगळी लायब्ररी ठेवावी लागते.